वहिनीला वास येत नाही

माझ्या वहिनीला वास येत नाही. साबणाचा नाही, धुराचा नाही, आणि ज्या कामात तिचे दिवस जातात त्या कामाचा तर मुळीच नाही. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "बरंच आहे की! त्या कामाला असंच माणूस हवं." ज्यांनी तिला काम करताना पाहिलंय ते मात्र असं म्हणत नाहीत.

हमरस्त्याला लागून, पेट्रोल पंपाच्या मागे आमचा तळ आहे. तिथे कॅम्पर मुक्कामाला येतात. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आत खाट, ओटा, बेसिन, आणि एकेका कपाटाएवढ्या जागेत संडास नि न्हाणी. घर म्हटलं की घाण आलीच. जमिनीवरच्या घरातली घाण गटारात जाते आणि आपण तिला विसरतो. चाकांवरच्या घरातली घाण गाडीच्या पोटाखालच्या टाक्यांत साठते आणि घरमालकाबरोबर गावोगाव हिंडते. बेसिनचं आणि न्हाणीचं सांडपाणी एका टाकीत, संडासाचा मैला दुसरीत. टाक्या भरल्या की आमच्यासारख्या तळावर यायचं, जाड नळी जोडायची, खटका ओढायचा आणि सगळं खालच्या खड्ड्यात सोडायचं. तळाच्या त्या कोपऱ्याला आम्ही 'उपसा' म्हणतो. तो वहिनीचा कोपरा.

आधी ती एका कारखान्याच्या खानावळीत मुख्य स्वयंपाकीण होती. तिच्या नाकाचा तेव्हा दरारा होता. दारातूनच सांगायची, "त्या मागच्या पातेल्यात मीठ कमी आहे." मिठाला वास नसतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण चाखून पाहिलं की मीठ कमीच निघायचं, त्यामुळे कोणी वाद घालत नसे.

मग एकदा घरी माळ्यावरून डबा काढताना शिडी सरकली आणि ती मागच्या मागे डोक्यावर पडली. टेंगूळ उतरलं, चक्कर थांबली, वास मात्र गेला तो गेलाच. तिने सांगितलं तर कोणाला पटेना. शेजारीण म्हणाली, "सर्दी असेल." खानावळीचे मुकादम म्हणाले, "नाक तर जागच्या जागी दिसतंय!" डोळा गेला तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात; नाक गेलं तर विनोद करतात. खानावळीत तिच्या पाठीमागे दूध करपून कोळसा झालं आणि तिला पत्ता नाही, तेव्हा तिने स्वतःच काम सोडलं.

दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, तळावर वेल्डिंगचं आणि बारीकसारीक दुरुस्तीचं काम बघतो. घरात नुसती भिंतीकडे बघत बसते म्हणून तो तिला रोज बरोबर घेऊन यायला लागला. त्याच सुमाराला उपशावरचा माणूस नाक दाबून पळाला, तो पगार मागायलाही आला नाही. दुसरा मिळेना. गाड्यांची रांग लागलेली, मी हवालदिल. वहिनी उठली, कोपराएवढे रबरी हातमोजे चढवले आणि म्हणाली, "भाऊजी, ती नळी कुठे जोडायची तेवढं दाखवा."

मला वाटलं होतं, ती नळ्या जोडेल, सोडवेल, धुवेल आणि झालं. तिला त्यात कसला आला त्रास? पण आठवड्याभरात ती गाड्यांच्या खाली वाकून वाकून बघायला लागली. दादाकडून भंगारातल्या टाक्या उघडून घेतल्या, झडपा खोलल्या, कुठली नळी कुठे जाते ते बोटाने चाचपून पाहिलं. मी म्हणालो, "वहिनी, आपलं काम उपसायचं. वास का येतो ते त्यांचं ते बघतील."

"मला येत नाही म्हणून त्यांना येत नाही असं थोडंच आहे? त्या एवढ्याशा खोलीत झोपायचं असतं त्यांना."

अशा तऱ्हेने तिचं नाव झालं. लांब लांबच्या गाड्या यायला लागल्या. तिच्या पुष्कळ गोष्टी सांगता येतील, पण रंगारीकाकांच्या गाडीची सांगतो, कारण ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिली.

काका घरं रंगवायचे. उभा जन्म शिडीवर गेला. हातपाय थकल्यावर त्यांनी जुना कॅम्पर घेतला आणि तो आतून-बाहेरून असा रंगवला की बघत राहावं. खाली हिरवा, वर सायीसारखा पांढरा, मधे बोटभर लाल पट्टी, आणि ती पट्टी सबंध गाडीभर कुठे केसभरही हललेली नाही. आता उरलेलं आयुष्य दोघांनी जग बघत हिंडायचं, असा बेत.

गाडी आमच्या फाटकातून आत आली ती मात्र वेगळ्याच थाटात. काका चालवतायत, आणि काकू शेजारच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. गाडी थांबली न थांबली तोच काकू उतरल्या, लांब जाऊन झाडाखालच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता ह्या गाडीत पाय ठेवणार नाही. मला बसने घरी पाठवा."

काकांनी माझ्याकडे बघून हात उडवले. "टाकी नीट रिकामी होत नाही, तेवढं बघा. बाकी वासाचं म्हणाल तर तो गाडीला नाही, हिच्या नाकाला आहे. दोन ठिकाणी दाखवून झालं. त्यांनी निळं औषध ओतलं, सुगंधी वड्या टांगल्या. मला विचाराल तर आत कसलाही वास नाही. हिला मुळात यायचंच नव्हतं."

"यायचं नव्हतं तर निघाले कशाला असते?" काकू दगडावरून ओरडल्या.

आमच्याकडे अशी भांडणं नवी नाहीत. मी वहिनीला हाक मारली. ती आली, गाडीकडे नजरही टाकली नाही, ऑफिसातली खुर्ची उचलून थेट झाडाखाली नेली. काकूंना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दगडावर बसली.

"ताई, वास केव्हा येतो?"

"सारखाच येतो."

"सारखा म्हणजे झोपेतसुद्धा? का काही केलं की?"

काकूंनी ओढणी खाली केली. इतके दिवस वास आहे की नाही एवढ्यावरच वाद झाला होता. तो केव्हा येतो हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "संडासात पाणी सोडायला पायटा दाबला की भसकन वर येतो. छतावरचा हवा ओढणारा पंखा चालू असला तर जास्तच. तो उग्र असतो, डोळ्यांत जातो. आणि दुसरा..."

"दुसरा? म्हणजे दोन आहेत?"

"दोन आहेत. दुसरा ओलसर, कुजका. तो गाडी चालू असताना जास्त येतो. रस्ता खडबडीत असला की अजून."

वहिनीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता ती काकूंना मिठी मारते. "ताई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत बघा!"

"वासात काय एक आणि दोन?" काका पुटपुटले.

मग वहिनी गाडीकडे वळली. नळी जोडली, मैल्याच्या टाकीचा खटका ओढला. नळीत थोडंसं पाणी आलं. गट... गट... आणि बंद. वहिनी ऐकत उभी राहिली. ती ह्या कामात कानाने बघते. मग तिने काकांना विचारलं, "गाडी कुठेतरी मुक्कामाला असते तेव्हा हा खटका बंद ठेवता की उघडा?"

"मुलीकडे महिनाभर होतो तेव्हा उघडाच ठेवला होता. आपोआप वाहून जावं म्हणून. रोज कोण ओढत बसणार?"

"आणि संडासात पाणी किती सोडता?"

"जेमतेम. गाडीत पाणी जपून वापरावं लागतं हो."

"तिथेच घोटाळा आहे, काका. खटका उघडा राहिला की पाणी तेवढं पळून जातं आणि घट्ट ते मागे बसून राहतं. पाहुणे जातात आणि मुक्कामाचे चिवट नातेवाईक राहतात, तसं. टाकी बंद ठेवायची, भरपूर पाणी सोडायचं, भरत आली की एकदम ओढायची. तेवढ्या पाण्याच्या लोंढ्यानेच घाण निघते. आत आता ढिगारा बसलाय, तो भिजवावा लागेल."

तिने खटका लावला, संडासातून बादल्यांवर बादल्या ओतायला लावल्या आणि टाकी जवळजवळ काठोकाठ भरली. "मधल्या कच्च्या वाटेवरून सावकाश दोन फेऱ्या मारून आणा," असं म्हणून काकांना गाडीसकट पिटाळलं. "आत पाणी डुचमळलं पाहिजे."

काका फेऱ्या मारतायत तोवर ती काकूंशी बोलत बसली. मुलीचं, नातवंडांचं, गुडघ्यांचं. गाडी परत आल्यावर तिने छताकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, शिडी आणा."

दादा हातातलं काम टाकून आला. "मी चढतो."

"तुम्हाला कळणार नाही काय बघायचं ते."

"तू सांग, मी बघतो."

"सांगून बघण्यातलं नाही हो ते," ती म्हणाली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती पडल्यापासून शिडीवर चढलेली मी पाहिली नव्हती. दादाने दोन्ही हातांनी शिडी धरली आणि एक पाय तिच्या बुडाशी रोवला. वहिनी एकेक पायरी चढली, मधे थांबली, श्वास घेतला, पुन्हा चढली. छतावर पोचल्यावर गुडघ्यांवर रांगत मागच्या टोकाला गेली आणि तिथून तिचं हसू ऐकू आलं.

"काका, हे छत किती छान रंगवलंय तुम्ही!"

"तीन हात दिलेत," काका खालून म्हणाले. रंगाचं नाव काढल्यावर माणूस फुलला. "आधी सगळ्या फटींत लांबी भरून घेतली. थेंबभर पाणी गळणार नाही."

"पाणी काय, वारासुद्धा जाणार नाही. इथे एक नळीचं तोंड होतं ना, टोपी असलेलं?"

काका म्हणाले, "एक मोडकी टोपी होती खरी. पाणी आत जाईल म्हणून मी ती काढून टाकली आणि भोक बुजवलं. साफ घासून, वर रंग."

वहिनी छताच्या कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. "काका, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं पडतं?"

"गचके खात."

"आणि पलीकडे दुसरं पाडलं की?"

"धार लागते..." काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी छताकडे बघितलं, मग खालच्या टाकीकडे.

"ही टाकीची श्वासाची नळी. ती बुजली, म्हणून टाकीतनं खाली धार लागत नाही. आणि आतल्या हवेला वर जायला वाट नाही, म्हणून पायटा दाबला की ती ताईंच्या तोंडावर येते. वरचा पंखा तर तिला ओढूनच घेतो." मग पटकन म्हणाली, "पण काम नामी केलंत हां. छिन्नी लागणार मला."

दादाने छिन्नी-हातोडी वर दिली. लांबी अशी बसली होती की निघता निघेना. काका खाली कासावीस; आपल्याच हातचं काम फुटताना बघणं सोपं नसतं. शेवटी तोंड मोकळं झालं. दादाने पत्र्याची नवी टोपी करून दिली, पाऊस अडवेल पण हवा सोडेल अशी. वहिनी खाली उतरली आणि जमिनीला पाय लागल्यावरच दादाने शिडी सोडली.

तिने खटका ओढला. ह्या खेपेला गटगट नाही, थेट धो धो लोंढा. नळी हातात उड्या मारायला लागली. वहिनी मान तिरकी करून ऐकत होती, एखादी बाई पलीकडच्या खोलीतलं गाणं ऐकते तशी. आवाज पातळ झाल्यावर तिने टाकी पुन्हा पाण्याने भरून पुन्हा सोडली, आणि शेवटी सांडपाण्याची टाकी सोडली, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

"झालं ना आता?" काकांनी बायकोला विचारलं.

काकू चपला काढून आत गेल्या. दार लावून घेतलं. पायटा दाबल्याचा आवाज आला. जरा वेळाने बाहेर येऊन त्या चाचरत म्हणाल्या, "एक गेला. दुसरा आहे अजून."

काकांचा पारा चढला. "बघा! म्हणजे आता हा मनातला! टाकी धुतली, नळी फोडली, माझं छत उकरलं, तरी आहेच! अहो, मी आत्ताच आत जाऊन आलो. काही म्हणजे काही नाही तिथे."

काकूंचे डोळे भरले.

वहिनीने हातमोजे काढले, हात स्वच्छ धुतले आणि शांतपणे म्हणाली, "काका, जरा बसा. डोळे मिटा." ऑफिसातला कॉफीचा डबा उघडून तिने त्यांच्या नाकाशी धरला. "कसला वास?"

"...काही ठेवलंय का नाकाशी?"

तिने साबणाची वडी धरली. "आणि हा?"

"काही नाही."

मग ती दादाच्या टपरीतून थिनरमध्ये बुडवलेली चिंधी घेऊन आली. मी चार हात लांब होतो तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या नाकाखाली तिने ती धरली. काका मिटल्या डोळ्यांनी तसेच बसून राहिले. "हं? धरलंत का?" त्यांनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले आणि चिंधी पाहिली. थिनर ओळखायला त्यांना वासाची गरज नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने पुन्हा नाकाशी धरली. मग म्हणाले, "हे... हे मला... केव्हापासून?"

"हळूहळू गेलं असेल. जन्मभर तेच नाकात भरलंत. हळूहळू जातं ते कळत नाही," वहिनी म्हणाली. "माझं एका दणक्यात गेलं म्हणून मला कळलं."

"तुमचं?"

"मला कसलाच वास येत नाही, काका. तुमची गाडी आली तेव्हा आत अत्तर आहे की गटार, मला काही पत्ता नव्हता. ताईंनी सांगितलं म्हणून कळलं. मी म्हणत होते मला येत नाही, तर लोक म्हणायचे, येतो गं, मनाचे खेळ. ह्या म्हणत होत्या मला येतो, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं."

काका उठले, काकूंसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, काही मोठं बोलतील. पण आयुष्यभर बायकोशी भांडलेला माणूस, त्याला एकदम गोड बोलणं कुठून सुचणार? ते एवढंच म्हणाले, "चल. दाखव कुठे येतोय तो."

मग आमची वरात आत निघाली. काकू पुढे, त्यांच्या मागे वहिनी, मग काका, दारात मी. काकू ओट्याखाली वाकल्या, "इथे नाही." खाटेखाली, "इथेही नाही." न्हाणीचं दार उघडलं तर आत रंगाचे डबे, ब्रश, दोन ट्रंका, घड्या घातलेल्या खुर्च्या. न्हाणी त्यांनी कधी न्हाणी म्हणून वापरलीच नव्हती.

"सामान काढा," वहिनी म्हणाली. काकू गुडघ्यांवर बसून तळाशी वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. "इथे! इथेच आहे!"

तळाला पाणी जायची जाळी होती. "तिच्याखाली नळीला वळण असतं," वहिनीने सांगितलं, "त्या वळणात कायम थोडं पाणी तुंबून राहायला हवं. ते पाणी म्हणजे दाराचा कडीकोयंडा. सांडपाण्याच्या टाकीतला वास तिथे अडतो. न्हाणी वापरली नाही, पाणी सुकून गेलं, दार सताड उघडं. गाडी हलली की टाकी डुचमळते आणि वास वर येतो." तिने दोन तांबे पाणी ओतलं, वर चमचाभर खायचं तेल सोडलं. "तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर सुकत नाही. आता न्हाणीत अंघोळ करा, ट्रंका दुसरीकडे ठेवा. आणि त्या सुगंधी वड्या फेकून द्या."

दार-खिडक्या उघड्या ठेवून गाडी रात्रभर तळावर राहिली. सकाळी मी फाटक उघडायला गेलो तेव्हा काकू गाडीतच खाटेवर मांडी घालून चहा पीत बसल्या होत्या, ओढणी खुंटीवर. काका बाहेर पायरीवर. मला बघून म्हणाले, "ही म्हणते, गेला." आणि मग, जरा थांबून, "म्हणजे गेलाच असणार."

जाण्याआधी वहिनीने त्यांना आणखी एक गोष्ट करायला लावली. गाडीत स्वयंपाकाचा गॅस आहे, आणि काकू कुठे बाहेर गेल्या असताना तो गळला तर काकांना कळायचं नाही. तिच्या स्वतःच्या घरी आहे तसं, गॅस गळला की शिट्टी मारणारं यंत्र तिने दादाकडून ओट्याच्या खालच्या बाजूला बसवून घेतलं. काका आढेवेढे घ्यायला लागले तेव्हा म्हणाली, "आपल्यासारख्यांनी ह्यात कमीपणा मानायचा नाही, काका." ते 'आपल्यासारख्यांनी' काकांना कुठेतरी आत लागलं असावं. त्यांनी वहिनीला वाकून नमस्कार केला. वयाने मोठा माणूस. वहिनी एवढी ओशाळली की हातमोजे घातलेल्या हातानेच घाम पुसायला लागली.

पुढच्या हंगामात तीच हिरवी-पांढरी गाडी फाटकातून आत आली. मी बघतोय तर स्टिअरिंगवर काकू, आणि काका शेजारच्या खिडकीत, मांडीवर नकाशा.

वहिनी उपशावरून ओरडली, "अगं बाई! ताई, गाडी केव्हा शिकलात?"

"काय करणार?" काकू इंजिन बंद करत म्हणाल्या. "ह्यांच्या हातात असताना क्लच जळला, मी सांगत होते जळतोय म्हणून. तेव्हा म्हटलं, उतरा खाली."

"आणि ऐकलं त्यांनी?"

"लगेच," काका म्हणाले.